ताटीबाहेर कोण उभं आहे?

ज्ञानेश्वर भिक्षा मागायला बाहेर पडले होते आणि वाटेत कुणीतरी टोचून बोललं. संन्याशाच्या पोरांना आळंदीत हे नवं नव्हतं, पण त्या दिवशी मन उतरलं ते उतरलंच. झोपडीत आले, ताटी ओढून घेतली आणि आत बसून राहिले. पुढचं मराठी माणसाला सांगावं लागत नाही. धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून एकामागून एक अभंग म्हणत राहिली. परंपरेनं हे ताटीचे अभंग बेचाळीस धरले जातात. ज्ञानेश्वरांचं जन्मवर्ष १२७५ आणि मुक्ताईचं १२७९ मानलं, तर आत बसलेला मुलगा एकवीस वर्षांच्या आतला आणि बाहेरची बहीण त्याच्याहून चार वर्षांनी लहान. प्रसंग जसा सांगितला जातो तसाच घडला का, हे संशोधकांकडे सोपवू. मला त्याची मांडणी महत्त्वाची वाटते. श्रद्धावान तरुण खचू शकतो हे आपल्या परंपरेला मान्य आहे, मग तो साक्षात ज्ञानेश्वर का असेना. बाहेर उभी असलेली मुलगी त्याच्या श्रद्धेवर शंका घेत नाही. तू कोण आहेस आणि जगाचं तुझ्याकडे काय काम आहे, हे ती पुन्हा पुन्हा सांगते आणि ताटी उघडेपर्यंत दारातून हलत नाही.

सातशे वर्षांनंतर दारं पक्की झाली आहेत, त्यांना आतून कड्या आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या आत्महत्यांचा आकडा १,७०,९२४ आहे. त्यात दर शंभरात सुमारे ७२ पुरुष. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला, बावीस हजारांच्या वर. या माणसांपैकी कितीजण रोज देवाला हात जोडत होते, हे अशा अहवालात नसतं. पण आपल्याकडची घरं पाहता बरेच असणार. उंबऱ्याला रोज हळदकुंकू लागणाऱ्या घरांतले, शुक्रवारी नमाजला जाणारे, रविवारी मिस्साला बसणारे, विहारात वंदना म्हणणारे. तेव्हा प्रश्न असा आहे : भाविक घरातल्या तरुण मुलग्याला तग धरायला आपल्या धर्मपरंपरा नेमकं काय देतात? आणि दिलेलं त्याच्यापर्यंत पोचतं का?

मुलींचा प्रश्न कमी महत्त्वाचा म्हणून बाजूला ठेवलेला नाही. पण मुलग्यांच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. त्यानं रडायचं नसतं, हे त्याला पाळण्यापासून शिकवलेलं असतं. देवळात तो टाळ घेऊन उभा राहतो तेव्हा तिथं त्याला डोळे पुसायची मुभा असते. देवळाबाहेर आला की नाही.

त्याच्या अडचणी काय आहेत, हे मराठी वाचकाला पाढ्यासारखं पाठ आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची भाड्यानं घेऊन चौथ्यांदा पूर्वपरीक्षेला बसणारा मुलगा आहे. वडिलांच्या नावावरचं सोसायटीचं कर्ज नवंजुनं करत राहणारा आहे. आणि लग्नच न जमणाराही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. मुलगी मिळवून द्या, ही मागणी. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीनं छापली आणि लोकही हसले. मला त्या वरातीतल्या घोड्यांपेक्षा त्यांच्या मागून चालणाऱ्या वडीलधाऱ्यांचे चेहरे आठवतात. छायाचित्रात ते कडेला होते.

अशा मुलाला परंपरेतून पहिलं नाव सांगितलं जातं ते तुकारामांचं, आणि बहुतेकदा चुकीच्या जागेवरून सांगितलं जातं. कीर्तनात वैकुंठगमन येतं, इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या येतात. या गोष्टी ऐकून कुणाचा ऊर भरून आला तर ठीकच. पण दुष्काळात बायको गमावलेल्या बावीस वर्षांच्या वाण्याचं काय झालं, हे खचलेल्या पोराला जास्त उपयोगाचं आहे. जन्मवर्ष १६०८ धरलं तर १६३० च्या दुष्काळात तुकाराम तेवढ्याच वयाचे होते. आईवडील आधीच गेलेले. थोरला भाऊ सावजी बायको गेल्यावर घर सोडून निघून गेलेला. व्यवहार बुडाला, दिवाळं निघालं, गावात मान गेला. दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगा गेला. आत्मचरित्रपर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभंगात त्यांनी हे जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखं नोंदवलं आहे. आणि त्यात लाज वाटल्याचं लिहिलंय. हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. दुःखाचं सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात, लाजेचं कुणी करत नाही.

त्यानंतर त्यांनी काय केलं? त्याच अभंगात ते सांगतात. देवळाची पडझड झाली होती, ती नीट करावी असं मनात आलं. एकादशीला कीर्तन धरलं. सुरुवातीला अभ्यासात चित्त लागत नव्हतं, म्हणून जुन्या संतांची वचनं पाठ केली. आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं. एवढंच. साक्षात्कार नंतर आला. आधी आली ती पडकी भिंत, ठरलेला वार, आणि दुसऱ्याच्या सुरामागं धरायचा सूर. कर्जखतांची आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत टाकली आणि निम्मी धाकट्या कान्होबाला दिली, ही महिपतींनी सांगितलेली हकीकत खरी असेल तर त्यातला निम्मेपणा बघा. स्वतःचं येणं सोडलं, पण भावाच्या संसाराला हात लावला नाही. विरक्तीतही हिशेब चोख होता.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते इथंच आहे. तरुण माणूस उपदेशानं उभा राहतो, असं मला वाटत नाही. हाताला काम, दिवसाला वेळ आणि आपण आलो नाही तर चौकशी करणारं माणूस, इतकं जिथं मिळतं तिथं तो उभा राहिलेला दिसतो. श्रद्धा ही या तिन्हींना बांधणारी दोरी. नुसत्या दोरीवर कुणी चढत नाही.

मागच्या कार्तिकात आळंदीला घाटावर एक मुलगा पखवाज मांडीवर घेऊन बसलेला पाहिला. एकोणीस-वीसचा असेल. डबीतली कणीक पाण्यानं मळून त्यानं वाद्याच्या डाव्या तोंडावर पुरीएवढी थापली, बोटांनी कडा दाबल्या, थाप मारून ऐकलं. मग चिमूटभर काढून टाकली आणि पुन्हा थाप मारली.

“रोज लावायची?” मी विचारलं.

“रोज. वाजवून झालं की खरवडायची. वाळली की बोलत न्हाई, माऊली.”

बीडकडचा होता. पोलीस भरतीत दोनदा मैदानी चाचणीत राहिला, मग वर्षभर घरात झोपून काढलं. चुलत्यानं इथं आणून सोडलं. घरी जमलं नसतं का, असं विचारल्यावर तो थोडा थांबला. “घरी कुनी उठवत न्हवतं. म्हणायचे, झोपू द्या, बिचाऱ्याचं मन न्हाई. हितं काकड्याला न्हाई गेलो तर दार वाजिवत्यात.”

विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा त्यांच्या मनात हेच दार वाजवणं असावं. बुवा मूळचे पुण्याचे, तालमीत अंग कमावलेले, अविवाहित. कुस्तीची शिस्त त्यांनी कीर्तनात आणली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. काकडा, पाठांतर, माधुकरी, पुन्हा पाठांतर, संध्याकाळी हरिपाठ. दिवसाला भोक राहू नये अशी व्यवस्था. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि आयुष्यभर वारीही केली. एका माणसात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि माळकरी सुखानं नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्या काळातल्या शिकलेल्या तरुणांना याचा केवढा आधार वाटला असेल.

या चित्राला दुसरी बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. संस्थेच्या नमुन्यावर आळंदीत आणि आसपास खासगी वसतिगृहं पुष्कळ उभी राहिली. त्यांतल्या काही ठिकाणी मुलांवर अत्याचार झाल्याचे गुन्हे गेल्या काही वर्षांत नोंदवले गेले. दार वाजवायचा अधिकार ज्याला दिला, तोच आत शिरला तर मुलानं जायचं कुठं? नोंदणी, तपासणी, पालकांना कधीही येऊन बघायची मुभा, या गोष्टी भक्तीच्या आड येतात असं म्हणणाऱ्या चालकाकडे मुलगा ठेवू नये.

माळेची गोष्ट मला जास्त सरळ वाटते. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू-मटण सुटतं, हे नियम म्हणून सगळ्यांना माहीत असतं. खरी गंमत नियमात नाही, दिसण्यात आहे. हळदीच्या रात्री ग्लास भरणारा मित्र माळ बघतो आणि आपणहून म्हणतो, “याला नको, हा माळकरी आहे.” नाही म्हणायचं ओझं पोराच्या खांद्यावरून उतरून गावानं घेतलेलं असतं. व्यसन सोडवण्याच्या कामात ज्यांची हयात गेली ती माणसंही सांगतात की एकट्याचा निश्चय टिकत नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सगळी उभारणी याच जाणिवेवर आहे : आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा, आणि आठवड्याला तोंडावर प्रश्न विचारणारे सोबती. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथंही घरच्यांना आणि जुन्या मित्रांना उपचारात धरलं जातं.

आकड्यांत बोलायचं तर हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास मांडला. ६६,४९२ परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातले ४३,१४१ पुरुष, वर्षानुवर्षं पाठपुरावा. आठवड्यातून एकदा तरी प्रार्थनेला जाणाऱ्यांत दारू, अमली पदार्थ आणि आत्महत्या यांनी होणारे मृत्यू न जाणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. बायकांत ६८ टक्क्यांनी, पुरुषांत ३३ टक्क्यांनी. अमेरिकेतली, शिकलेली, नोकरीपेशातली माणसं ही. त्यांच्यावरून वाशिमच्या पोराबद्दल बोलताना जपून बोलावं. शिवाय जो आधीच फार खचलाय तो घराबाहेर पडतच नाही, हाही गुंता आहेच. पण दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. या अभ्यासानं मोजलं ते जाणं, मनातली श्रद्धा नव्हे. आणि पुरुषांना मिळालेलं संरक्षण बायकांच्या निम्मंच आहे. का? माझा अंदाज, आणि तो अंदाजच आहे, की बायका देवळात एकमेकींशी बोलतात आणि पुरुष देवाशी बोलून परत येतात. एमिल दुर्खेमनं १८९७ च्या आत्महत्येवरच्या ग्रंथात धर्माच्या शिकवणीपेक्षा त्यानं बांधलेल्या समूहाला श्रेय दिलं होतं. त्याच्या आकडेमोडीवर नंतर पुष्कळ टीका झाली, पण हा मुद्दा अजून उभा आहे.

श्रद्धा मारतेसुद्धा, हेही मोजलं गेलं आहे. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. देवानं मला टाकलं, ही माझ्या पापाची शिक्षा आहे, असं ज्यांच्या मनात घर करून बसलं होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. अभ्यास म्हाताऱ्यांचा असला तरी वाक्यं ओळखीची आहेत. ‘तुझी श्रद्धाच कमी पडली’ हे वाक्य परीक्षेत नापास झालेल्या मुलाला आपल्याकडे किती सहज ऐकवलं जातं! ‘मागच्या जन्मीचं फेडतोयस’ हे तर त्याहून सहज.

या बाबतीत सगळ्यात शहाणं पुस्तक बायबलमध्ये आहे. ईयोबाचं. संपत्ती गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, आणि तीन मित्र भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तिथवर त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते तोंड उघडल्यावर. तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच शिक्षा करत नाही, असा त्यांचा युक्तिवाद पानंच्या पानं चालतो. शेवटी देव रागावतो तो कुरकुर करणाऱ्या ईयोबावर तितका नाही, जितका या धार्मिक मित्रांवर. पुस्तकाचे अध्याय बेचाळीस आहेत. ताटीच्या अभंगांइतकेच, योगायोग आहे, पण मला आवडतो. कुराणात हाच अय्यूब, आणि त्याचा गुण सब्र. हा शब्द आपण ‘सबुरी’ करून घरात इतका मुरवला की तो शिर्डीच्या वाटेवरच्या प्रत्येक रिक्षावर दिसतो. सबुरी म्हणजे गप्प बसणं, असा अर्थ त्याला आपण कधी चिकटवला कोण जाणे. अय्यूब तर देवाला हाक मारून आपलं दुखणं सांगतो.

वारकऱ्यांनी तक्रारीला चक्क व्यवस्थेत जागा दिली आहे. पालखी तळावर पोचली की समाजआरतीच्या आधी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, मगच आरती. पहिल्यांदा ही पद्धत पाहिली तेव्हा अंगावर काटा आला होता. एवढ्या शांततेत एकाच दिंडीचे टाळ. ज्याला त्रास आहे त्यानं थांबायचं नाही, वाजवत राहायचं. चालीरीत म्हणून हे आपण दरवर्षी पाहतो, पण या रीतीतून मुलांना काय सांगता येईल हे कीर्तनकारांच्या ध्यानात फारसं आलेलं दिसत नाही.

देवाशी भांडायला कर्ममेळ्यापेक्षा मोठं उदाहरण नको. चोखामेळ्याचा हा मुलगा. बाप मंदिराबाहेर उभा राहून आर्त होतो. मुलगा विचारतो, आम्हाला असा जन्म देऊन तू काय मिळवलंस? त्याच्या अभंगांत शरणागती शोधावी लागते, राग शोधावा लागत नाही. तरी हे अभंग गाथेत राहिले, कुणी खोडून काढले नाहीत. पण या रागाला उत्तर मिळायला किती काळ गेला? चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कोसळलेल्या भिंतीखाली गेले. पंढरपूरच्या मंदिराचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला उपोषणाला बसले आणि ते दहा दिवस चाललं. सहा शतकं. श्रद्धावान तरुणाला धीर धर म्हणताना अडचण त्याच्या मनात आहे की देवळाच्या दारात, हे आधी बघावं लागतं. दार बंद असेल तर मन खंबीर करण्याचे वर्ग काय कामाचे?

साने गुरुजींबद्दल आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना ज्यांनी रडायला आणि पुन्हा उभं राहायला शिकवलं, त्यांनी ११ जून १९५० ला स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं. वय पन्नास. आपण हे पाठ्यपुस्तकात सांगत नाही, शताब्द्यांच्या भाषणांत घाईनं ओलांडतो. त्यांची श्रद्धा कमी होती असं म्हणायची कुणाची छाती होईल? मग आपल्या शेजारच्या मुलाबद्दल ते इतक्या सहज का म्हणतो? इतरांना धीर देणाऱ्याच्या दारात रोज कोण उभं होतं, एवढंच मला विचारावंसं वाटतं.

बौद्ध तरुणांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे स्वीकारलं गेलं त्यात वाचवणारा देवच नाही. तरी चिकाटीची परंपरा तिथं सगळ्यात ठसठशीत आहे. १४ एप्रिलच्या आसपास वस्त्यांतल्या विहारांत, वाचनालयांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. बाबासाहेब इतके तास वाचायचे, म्हणून आपणही. पंचवीस-तीस मुलं एका पत्र्याच्या हॉलमध्ये पहाटेपासून मांडी घालून बसलेली, मधूनमधून कुणीतरी चहा फिरवतंय, हे दृश्य पाहिलं की जयंतीचा डीजे माफ करावासा वाटतो. पण याच परंपरेत सोण कोळिविसाची कथा आहे, ती या मुलांना कुणी सांगत नाही. श्रीमंत घरातला हा तरुण भिक्षू झाला आणि चंक्रमण करता करता तळपाय रक्ताळून घेतले. तरी काही हाती लागेना, तेव्हा घरी परतावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धांनी त्याला विचारलं, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? फार सैल सोडल्या तर? त्यांनी त्याला प्रयत्न सोड म्हटलं नाही, तार जुळव म्हटलं. स्पर्धा परीक्षेच्या सहाव्या वर्षात असलेल्या मुलाला हा प्रश्न विचारायला हवा. कधीकधी जुळवणं म्हणजे ती परीक्षा सोडणं असतं आणि त्यात चिकाटीचा पराभव नाही.

ख्रिस्ती परंपरेत धर्मगुरूंपाशी एकट्यानं मन मोकळं करायची सोय शतकानुशतकं आहे. गोव्यात तिला कुमसार म्हणतात. पापाची कबुली हा तिचा हेतू खरा. पण आठवड्यातून एकदा कुणीतरी आपलं शांतपणे ऐकून घेणार आणि बाहेर बोलणार नाही, ही खात्री विशीतल्या मुलाला दुसरीकडे कुठं मिळते? हिंदू मुलाला तर नाहीच. आपल्याकडे बुवा असतात, पण ते बोलतात. ऐकणाऱ्या बुवाची जागा रिकामी आहे.

ती जागा भरायला पदवीच लागते असंही नाही. ‘संगाथ’ या संस्थेनं गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन दारूच्या आहारी चाललेल्या पुरुषांशी बोलायला बसवलं. ३७७ पुरुष, चारच भेटींपुरतं समुपदेशन. ज्यांना ते मिळालं त्यांच्यातले ३६ टक्के तीन महिन्यांत सावरले, ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यातले २६ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत याच संस्थेच्या ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलणं सुरू केलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार मदत घेत होते, दीड वर्षानं सत्तावीस. कापसाच्या, सोयाबीनच्या, कर्जाच्या त्याच गावांत. आणि गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ असा प्रयोग झाला. मुजावर झाडफूक करतात, ताईत देतात आणि तिथंच बसलेल्या डॉक्टरांकडेही पाठवतात. श्रद्धेला हात न लावता तिच्या शेजारी औषधाची खुर्ची मांडली. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. महाराष्ट्रात किती देवस्थानांच्या आवारात अशी खुर्ची आहे? रक्तदानाचा मांडव असतो, डोळे तपासणी असते. मनाची नसते.

राहता राहिलं आजचं कीर्तन. यूट्यूबवर लाखोंनी पाहिली जाणारी कीर्तनं मीही ऐकतो, हसतोही. गावच्या बोलीवर अशी हुकमत इतरत्र क्वचितच. पण त्यांतला तरुण मुलगा जवळजवळ नेहमी विनोदाचा विषय असतो. मोबाइलवाला, केस वाढवलेला, बापाच्या जिवावर गाडी उडवणारा. समोर बसलेल्या हजारभर पोरांपैकी ज्याच्या बापानं औषध घेतलं, तोही त्या हशात हसतो. गाडगेबाबाही फटकारायचे. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा. पण ते आधी झाडू घेऊन गाव स्वच्छ करायचे, मग बोलायचे. आणि कीर्तनात प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तर वदवायचे. फटकारण्याचा हक्क त्यांनी अंगमेहनतीनं मिळवला होता. बिदागीनं तो मिळत नाही.

अखंड हरिनाम सप्ताह गावोगावी होतात. आठ दिवस गाव एका मांडवाखाली येतं, पहारे लागतात, रात्री दोन वाजता वीणा कुणाच्या गळ्यात आहे हे सगळ्यांना माहीत असतं, कारण वीणा खाली ठेवता येत नाही. रात्रीच्या पहाऱ्याला तरुण पोरं घ्यावीत, हे बहुतेक गावांत होतंच. ज्याचं मन थाऱ्यावर नाही अशा पोराला मुद्दाम घ्यावं. त्याला काही समजावू नका. दोन ते चार वीणा तुझ्याकडे, एवढंच सांगा, आणि तो आला नाही तर दार वाजवायला जा.

आणि सप्ताह समित्यांना एक विनंती. पत्रिकेवर कीर्तनकारांचे फोटो असतात, अन्नदात्यांची यादी असते, मंडपवाल्याचा आणि साउंडवाल्याचा नंबरसुद्धा असतो. यंदा खाली एक ओळ वाढवा : टेलि-मानस, १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. छपाईचा खर्च तेवढाच येतो.